तांदळाच्या डब्यातलं बाळ

आमच्या आईला घाई खपायची नाही. भाकरी तव्यावर टाकली की ती तिच्या वेळेनं फुगणार, मधेच उलथनं घातलं की संपलं, असं तिचं म्हणणं. आणि तिचा सगळ्यात कडक कायदा नाताळचा.

दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागं आमचं घर. वडील लोको शेडमध्ये होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, येशूची वाट बघायचे. चर्चच्या मंडळीतले बाकीचे लोक पहिल्याच रविवारी दारात चांदणी टांगायचे, दिवा लावायचे आणि मोकळे व्हायचे. आईची चांदणीही त्याच दिवशी चढायची, पण दिवा बंद. तो पेटायचा थेट चोवीस तारखेच्या संध्याकाळी. गल्लीतली पोरं म्हणायची, म्हातारी लाईट बिल वाचवते. करंज्यांची कढई शेवटच्या दोन दिवसांत. आणि नाताळचं गाणं नुसतं गुणगुणलं तरी डोळे वटारायची. "आजून आला न्हाई त्यो. यायच्या आदीच कसलं नाचताय?"

तिचं माहेर न्हावऱ्याकडचं. उभा जन्म दौंडात काढला तरी बोली काही सुटली नाही.

पुढच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर ती गव्हाण, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडायची. खरा कडबा आणून, बारीक कापून. मातीची चित्रं वडिलांनी कधीतरी आणलेली. योसेफाची मान दोनदा चिकटवलेली आणि एका मेंढराला पाय तीनच. मधली गव्हाण मात्र रिकामी. येशू बाळ तांदळाच्या डब्यात, जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून तळाशी ठेवलेलं. नाताळच्या सकाळी उपासनेहून आलं की चहाच्या आधी आई कोपरापर्यंत हात तांदळात घालायची, बाळ काढायची, फुंकर मारून भुसा उडवायची आणि कडब्यावर निजवायची. निजवताना एकच वाक्य, दर वर्षी तेच. "आलास? लय वाट बघाय लावलीस." जणू पाहुणा रेल्वेनं आलाय आणि गाडी लेट होती. आम्ही भावंडं खुदुखुदु हसायचो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आईचे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणून झाडपाल्याचं औषध झालं, मग पुण्याला नेलं. साधी कावीळ नव्हती, पोटातला कॅन्सर होता आणि तो पार पसरला होता. दवाखान्याच्या जिन्यात डॉक्टरांनी मला आणि माझ्या भावाला बाजूला घेतलं. म्हणाले, घरी न्या, काही करायचं राहिलं असेल तर करून घ्या. मी विचारलं, नाताळपर्यंत? ते हातातल्या फायलीकडे बघत राहिले. माणूस भला होता, पण त्या वेळी मला त्यांचा भयंकर राग आला.

मी शिरूरला असते. रजा टाकून, नवऱ्याला डबे-भांडी समजावून दौंडला येऊन राहिले. भाऊ शिक्रापूरला कंपनीत, तिथंच खोली घेऊन राहतो. शिफ्ट सुटली की गाडीवर धडधडत यायचा, आईच्या खाटेशी बसायचा आणि पहाटे परत जायचा. पहिला रविवार झाला. चांदणी मी चढवली, आईनं खाटेवरनं बोट दाखवून सरळ करून घेतली. दिवा अर्थात बंद.

कल्पना माझीच. भावाला म्हटलं, आपण तिला नाताळ आधीच देऊ. त्याचे डोळे भरले. म्हणाला, ताई, हे आधी का नाही सुचलं? चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं, तेही हो म्हणाले. बिचारे आईला चांगले ओळखत होते, तरी हो म्हणाले, कारण त्यांनाही वाईट वाटत होतं.

दुसऱ्या रविवारी दुपारी आईला डोळा लागला तशी आम्ही तयारीला लागलो. भावानं केक आणला. चांदणीचा दिवा लावला. मी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि बाळ गव्हाणीत ठेवलं. चार वाजता कॅरलवाली मंडळी ढोलकी, टाळ घेऊन पडवीत उभी राहिली. पाळकसाहेबांनी खूण केली आणि गाणं दणक्यात सुरू झालं.

आईनं डोळे उघडले. क्षणभर चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, ते मी पाहिलं. आजही शपथेवर सांगेन. मग तिनं गव्हाणीकडं पाहिलं, चांदणीकडं पाहिलं आणि हात वर केला. तो हात म्हणजे नुसतं हाड आणि कातडं, पण ढोलकी थांबली.

"आज कोणता रविवार?"

"दुसरा, मावशी," पाळकसाहेब म्हणाले.

"मंग?"

सगळे तोंडात मारल्यासारखे उभे.

"साहेब, ही पोरं येडी हायती. तुम्ही तरी? बाळ जन्माला यायच्या आदी बारसं करत्यात व्हय?" मग माझ्याकडं वळून, "त्येला आत ठिव. गारठल."

मी बाळ उचललं, चिंधीत गुंडाळलं आणि परत तांदळात पुरलं. डब्याचं झाकण रागानं आपटलं. भावानं दिवा बंद केला, केकवर परात पालथी घातली. आईनं मंडळींना परत मात्र पाठवलं नाही. "आलाय तर वाट बघायचं गाणं म्हणा," म्हणाली. त्यांनी आगमनकाळाचं एक जुनं, संथ गाणं म्हटलं. ढोलकी गप्पच होती. मग सगळ्यांना चहा पाजायला लावला, साखर कमी पडली म्हणून मला बोलली.

मंडळी गेली आणि माझा बांध फुटला. असं बोलायला नको होतं, पण बोलले. "आई, तुला कळतंय का? तुझ्याकडं तेवढे दिवस नाहीत! लोकांसमोर आमची शोभा केलीस. एक दिवस आम्हाला तुझ्याबरोबर हसू दिलं असतंस तर देवाचं काय बिघडलं असतं?"

भाऊ म्हणाला, ताई, गप. पण आई रागावली नाही. मला जवळ बसायला सांगितलं.

"म्हायती हाय मला. डॉक्टर जिन्यात तुमच्यासंगं बोलला. माझं प्वाट रोज माझ्यासंगं बोलतंय." थांबून श्वास घेतला. "पोरी, आज नाताळ केला, तर उद्या सकाळी उठून मी कुणाची वाट बघू? मंग यायचं एकच ऱ्हातं."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले. पाय सुजून टम्म झाले होते. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली आणि मधेच, आपल्याशीच बोलल्यासारखं, म्हणाली, "मरियेचं बी पाय सुजलं आसतील. पोटुशी बाई, येवढी वाट तुडवत गेली."

इतकी वर्षं चर्चमध्ये आगमनकाळावरची प्रवचनं ऐकली. आशा, शांती, आनंद, प्रीती. सुजलेल्या पायांचा विषय कुणी काढला नव्हता. आईला ते दिसले कारण ती स्वतः त्या वाटेवर होती.

त्यानंतर आम्ही तिचं ऐकलं. सकाळी मी तिला पुसून काढायची, मग ती विचारायची, आज काय वार? सांगितलं की मान हलवायची, कामाला निघालेल्या माणसासारखी. दुखणं वाढलं की माहेरच्या गोठ्याबद्दल बोलायची. गाय व्यायला झाली की तिचे वडील कंदील घेऊन नुसते बसून राहायचे. शेजारी सांगायचे, ओढून काढा. ते म्हणायचे, ओढायचं न्हाई, तिचं तिला येऊ द्या, आपुन बसायचं. "येवढंच काम हाय आपलं," आई म्हणायची. "बसायचं." तिसरा रविवार गेला. चौथा गेला. मला वाटायला लागलं, ही बाई खरंच गाठणार. मी करंज्यांसाठी खोबरंसुद्धा किसून ठेवलं.

नाताळ दोन दिवसांवर असताना, सकाळी, चहा गाळत होते तेवढ्यात आई गेली. भाऊ शेजारी होता. त्यालाही लगेच कळलं नाही.

देवा, दोन दिवस! दोनच दिवस! एवढी बसून राहिली ती तुझ्यासाठी, तुला दोन दिवस आधी यायला काय धाड भरली होती? हे मी पाळकसाहेबांसमोर म्हणाले. ते माझ्याबरोबर रडले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मातीला न्यायचं होतं. पेटी बंद करायच्या आधी भाऊ आत गेला आणि तांदळाच्या डब्यातून बाळ घेऊन आला. ते आईच्या हातात द्यायचं होतं त्याला. "जिवंतपणी नाही बघितलं, निदान बरोबर तरी नेऊ दे."

"परत ठेव," मी म्हणाले.

"ताई!"

"आज चोवीस तारीख आहे. अजून आला नाही तो. ठेव परत."

भरल्या घरात आवाज आईचाच निघाला, माझा नव्हता. बायकांनी पदर तोंडाला लावले. भावानं बाळ परत ठेवलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. कबरस्तानातून आलो तेव्हा अंधार पडत होता. सगळ्या ख्रिस्ती घरांवर चांदण्या पेटल्या होत्या. आमची पेटवली नाही. सुतकाच्या घरी कोण लावतं?

नाताळच्या सकाळी मी एकटीच उपासनेला गेले. भाऊ आला नाही. लोक सलाम करत होते, हात हातात घेत होते, 'नाताळच्या शुभेच्छा' म्हणताना अडखळत होते. घरी आले. खाट उभी करून भिंतीला लावलेली. मी चपला काढल्या, चहाला हात न लावता डबा उघडला आणि कोपरापर्यंत हात तांदळात घातला. भाऊ दारात येऊन उभा राहिला.

"दिवा लावू का?" त्यानं विचारलं. कालपासूनचं पहिलं वाक्य.

"लाव. आज ती नाही म्हणाली नसती."

बटणाचा आवाज आला. मी चिंधी सोडली, फुंकर मारली, बाळ कडब्यावर निजवलं. आता आईचं वाक्य कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी तोंड उघडलं.

"आलास?" म्हणाले. पुढचे तिचे शब्द काही केल्या येईनात. आले ते माझेच.

"उशीर केलास."