सैल ठेवलेलं झाकण

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काम करतो. मळीपासून स्पिरिट होतं आणि शेवटी त्यातलं उरलंसुरलं पाणी काढून टाकावं लागतं. तेव्हाच ते पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगं इथेनॉल होतं. ते पाणी काढण्याच्या विभागातच माझी आजवरची सगळी नोकरी झाली. कोरडं स्पिरिट तहानलेलं असतं, झाकण उघडं राहिलं तर हवेतला ओलावासुद्धा ओढून घेतं, हे मी प्रत्येक नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी सांगतो. पुढे जे घडलं ते मला माहीत नव्हतं म्हणून घडलं, असं मला म्हणता येत नाही.

माझी थोरली बहीण अकोले तालुक्यात दिली आहे, धरणाच्या पाण्याकाठच्या एका वाडीत. दाजी लोकांना होडीनं पलीकडे नेतात. बाजारच्या दिवशी वाडीतल्या बायांना पाण्यावरून जवळ पडतं, जीपनं गेलं तर सगळ्या पाण्याला वळसा. दाजींनी जन्मभर वल्ही मारली. मग त्यांचा उजवा खांदा कामातून गेला. होडी विकायची भाषा सुरू झाली, तेव्हा मी एक जुनं छोटं इंजिन मिळवलं आणि होडीच्या मागच्या फळीला बसवून दिलं.

"पाव्हनं, इतकी वर्सं हमाल हुतो, आता ड्रायवर झालो," दाजी म्हणाले होते. इंजिन चालू असताना ते मान किंचित तिरकी करून त्याचा आवाज ऐकत बसत.

पेट्रोल पंप वाडीपासून लांब. त्या खांद्यानं कॅन वाहणं त्यांना जड जातं म्हणून यंदा पावसाळ्याआधी मीच दोन कॅन भरून नेले आणि पडवीत ठेवले. निघताना आक्काला बजावलं, "झाकणं घट्ट लावू नकोस. गॅस धरतो, कॅन फुगतो."

"पावसात बी सैलच?"

"सैलच."

आमच्या घरी ट्रॅक्टरच्या डिझेलचा कॅन असाच असायचा. कारखान्याच्या गेटबाहेर आलं की माझ्या लेखी पेट्रोल हे नुसतं पेट्रोल होतं. त्यात आता आमचंच इथेनॉल असतं, हे मी चारचौघांत अभिमानानं सांगायचो. पण ते पडवीतल्या कॅनमध्येही आहे, हे मनात आलं नाही.

पावसाळाभर होडी काठावर पालथी होती. पाऊस ओसरल्यावर पहिल्याच बाजारच्या दिवशी दाजी बायांना घेऊन निघाले. इंजिन बरं चाललं आणि मध्यावर बंद पडलं. दोरी ओढली की खोकायचं, पुन्हा गप्प. दाजी त्याच खांद्यानं ओढत राहिले. वल्ही घरी माळ्यावर. बायांनी बाजाराच्या पाट्यांनी पाणी मागं सारलं, वाऱ्यानं होडी कुठल्या कुठं काठाला लागली. कुणाला काही झालं नाही. पण पुढच्या बाजाराला बाया जीपनं गेल्या, त्याच्या पुढच्यालाही. आक्काचा फोन आला, "हे म्हन्त्यात, इंजिन घेऊन जा, होडी बी देऊन टाकू. जेवत न्हाईत नीट."

सुट्टीला मी गेलो. काठावर दाजी होते आणि शेजारी जीपची वाट बघत बाया उभ्या होत्या. मी त्या सगळ्यांसमोर विचारलं, "दाजी, रॉकेल-बिकेल मिसळलं का? की टाकीत पावसाचं पाणी जाऊ दिलं? इंजिनाकडं लक्ष द्यावं लागतं."

त्यातली एक म्हातारी म्हणाली, "वल्हं मारायचा तवा कधी थांबला न्हाई. मशीन आलं आन् गडी आळसावला."

बाया हसल्या. दाजीही हसले, खाली बघून. ते हसणं माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

दुपारी मी इंजिन उघडलं. पेट्रोलची रबरी नळी आतून मऊ पडली होती, तिचा काळा चुरा कार्बोरेटरमध्ये अडकला होता. सगळं साफ केलं, तरी तेच. मग आक्काची रिकामी बरणी घेतली, कॅन न हलवता तळाचं पेट्रोल तिच्यात काढलं आणि पडवीच्या कठड्यावर ठेवलं. थोड्या वेळानं बरणीत दोन थर दिसू लागले. वर पिवळसर पेट्रोल, खाली पाण्यासारखा वेगळा थर. ते नुसतं पाणीही नव्हतं. पाणी पिऊन इथेनॉल पेट्रोलपासून सुटलं होतं आणि तळाला बसलं होतं. टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. ह्याच धरणाच्या पाण्यावर खाली आमचा ऊस वाढतो, आणि मी त्याचं इथेनॉल इथे आणून पुन्हा पाण्यात घातलं होतं.

वर पाहिलं. पागोळ्यांची झड थेट कॅनवर येत असणार.

आक्का मागं उभी होती. "तू सांगितलं तसंच ठेवलं हाय बघ. कुनी घट्ट केलं तर म्हनून मधनंमधनं बघत बी हुते."

मी दाजींना सगळं सांगितलं. त्यांनी वाकून बरणीतले दोन्ही थर पाहिले.

"म्हंजी माझं काय चुकलं न्हाई?"

"नाही दाजी. माझं चुकलं."

"मला वाटलं, हात तर गेलाच, आता कान बी गेलं. इंजिनाचा आवाज कळंना मला."

बाजारच्या दिवशी येऊन बायांना सांगतो, असं म्हणालो तर त्यांनी मान हलवली. "नगं. तुमच्या आक्काच्या म्हायेराला नाव ठिवत्याल."

"ठिवू द्या," आक्का आतून म्हणाली. "माझ्या मानसाला नाव ठिवलं, तवा कोन आडवं आलं?"

ते पेट्रोल मी परत घेऊन गेलो. पुढच्या खेपेला येताना नवी नळी आणि लागेल तेवढंच ताजं पेट्रोल आणलं. बाजारच्या दिवशी काठावर उभं राहून बायांना सांगितलं, की दोष दाजींचा नव्हता, कॅन मी भरले होते आणि झाकण सैल ठेवायलाही मीच सांगितलं होतं.

म्हातारीनं विचारलं, "तू दारूच्या कारखान्यात हाय ना?"

"दारू नाही आजी, पेट्रोलमध्ये घालायचं."

"तेच. पाजलीस की इंजिनाला. मग ते कशाला चालतंय?" सगळ्या हसल्या. या वेळी दाजी वर बघून हसले. म्हातारी म्हणाली, "आदी तू बस. वल्ही बी घे. बंद पडलं तर तूच मारायची."

मी माळ्यावरची वल्ही आणली आणि मांडीवर घेऊन पुढं बसलो. म्हातारी बसली, मग बाकीच्या. जीप वर रस्त्यावर हॉर्न वाजवत होती.

मध्यावर आलो तशा बाया बोलायच्या थांबल्या. दाजींनी मान तिरकी केली. इंजिन चालत राहिलं.

"ठिव आता खाली ती वल्ही," म्हातारी म्हणाली.

काठ लागेपर्यंत मी ती धरून होतो.