नाकवाला

लोक त्याला नाकवाला म्हणत. नाक त्याचं चारचौघांसारखंच होतं. पण फोटो काढताना तो माणसाच्या डोळ्यांवर नेम धरत नसे, नाकाच्या शेंड्यावर धरत असे.

खोड कॅमेऱ्यात होती. एकदा तो स्टँडवरून पडला आणि त्याचा ऑटोफोकस दोन बोटं मागे जाऊन थांबू लागला. डोळ्यांवर नेम धरला की कानशिलं लख्ख दिसायची, डोळे धुरकट. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. नाकवाल्याने मात्र टेबलावर मोजपट्टी आडवी ठेवून आठवडाभर फोटो काढले, चूक किती ते हेरलं आणि नेम तेवढाच पुढे घेतला. कॅमेरा पुन्हा कामाला लागला.

अडलं ते सख्ख्या आत्यापाशी. तिनेच त्याला लहानाचं मोठं केलेलं. तिची लेक परदेशी, आठवा महिना लागलेला. आत्याला बाळंतपणाला जायचं होतं, आणि व्हिसाच्या कचेरीने तिचा फोटो दोनदा परत पाठवला होता. डोळे स्पष्ट नाहीत म्हणे. उद्या शेवटची तारीख.

आत्याची मान सारखी हलायची, पुढे-मागे. आत्या त्याच्या फोटोच्या दुकानात स्टुलावर बसली. कॅमेऱ्यातली मोटर घरघरत मागे धावली, पुढे धावली, दमून थांबली.

"तुझं यंत्र माझ्याहून म्हातारं दिसतंय," आत्या म्हणाली.

त्याने ऑटोफोकस बंदच केला. वर्तमानपत्राचा कागद तिच्या डोळ्याशेजारी गालाला धरायला लावला, त्यावरची बारीक अक्षरं स्वच्छ दिसेपर्यंत भिंगाची कडी हाताने फिरवली आणि वर चिकटपट्टी मारली.

"कागद ठेव खाली. आता हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? मान हलतेय माझी."

नऊ फोटो काढले. नऊही धुरकट. आत्या मांडीवरचा पदर बोटांनी सारखा करत राहिली.

मग त्याला आठवलं. लहानपणी त्याने काच फोडली, की आत्या आधी ओरडत नसे. खांबासारखी ताठ व्हायची, श्वासही धरायची. मग तोफ सुटायची.

आत्याने जन्मभर शिवणकाम केलं होतं. शर्टाची काजं करावीत तर तिनेच. कॅमेऱ्याच्या कळीवर बोट ठेवून तो सहज म्हणाला, "आत्या, राग नको मानूस. पण काजं धाकट्या आत्याचीच सुबक."

आत्या ताठ झाली. मान जागच्या जागी थांबली. ओठ मिटलेले, डोळे सताड उघडे, कचेरीला हवे तसे. कळ दाबली गेली.

"तिची काजं? उंदराने कुरतडल्यासारखी! गुलामा, माझेच शर्ट घालून शाळेत गेलास ना?"

तोफ चालू असतानाच त्याने पडद्यावर तिचे डोळे मोठे करून पाहिले. पापण्यांचे केस मोजता येत होते.

"झालं आत्या. हा घेतील."

कचेरीने घेतला. निघायच्या आदल्या दिवशी आत्या दुकानात आली. नवा शर्ट टेबलावर पसरला आणि सहाही काजं एका ओळीत त्याच्यासमोर धरली.

"बघ," ती म्हणाली. "आणि तुझ्या डोळ्यांनी बघ, त्या यंत्रातून नको."