मा तिवाची पाच मुलं

मा तिवाला एकही मूल झालं नाही आणि तिला पाच मुलं आहेत. आम्हा असांते लोकांत हे ऐकून कोणी हसत नाही की भुवई उंचावत नाही. आईची बहीण ती आईच. तिला हाक मारायला वेगळा शब्द नाही, दोघीही 'मा'च, आणि मार खायचा तर तोही दोघींच्या हातचा सारखाच. मा तिवाची बहीण आंपोमा, आम्हा पाच भावंडांची जन्मदाती, धाकट्या सेर्वाला जन्म देताना गेली. मी तेव्हा नुकता शाळेत जायला लागलो होतो. घरात आकांत चालला होता आणि मा तिवा तान्ह्या सेर्वाला पाठीला बांधून चुलीवर पाणी तापवत होती. रडायला तिला पुढे कधीतरी सवड मिळाली असेल. मला दिसली नाही.

त्याच वर्षी तिच्या नवऱ्याने दुसरी बायको केली. मा भांडलीसुद्धा नाही. "मला माझी पोरं वाढवायचीत," म्हणाली, आणि गाठोडं घेऊन कुमासीला ओसेई मामाच्या घरी आमच्यात राहायला आली. बाजारात तिने यामचा धंदा सुरू केला. मांडीएवढाले ते कंद ती गाडीतून स्वतः उतरवून घ्यायची आणि एखादा आतून सडका निघाला तर विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्याच तोंडाने तिने आम्हाला वाढवलं. मी आज शाळेत मास्तर आहे, वर्गात माझ्या आवाजाने पोरं टरकतात, आणि तो आवाज कोणाकडून उचलला हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे.

सेर्वा लग्न होऊन युरोपात गेली. देशाचं नाव मी सांगत नाही. तिला अजून तिथेच राहायचं आहे, आणि मला नको तितकं बोलायची खोड आहे. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून बजावलं. नवरा गोदामात रात्रपाळीला, शेजारी दार उघडत नाहीत. तिने फोन केला. "मा, तू ये. तू असलीस तर मी मरणार नाही."

आता तुम्हीच सांगा, असं ऐकल्यावर कोणती आई घरात बसेल?

पहिल्यांदा माने मला विचारलंही नाही. पोस्टाबाहेर छत्री लावून व्हिसाचे अर्ज भरून देणारा एकजण बसतो, त्याच्यापुढे जाऊन बसली. त्याने विचारलं, मुलं किती? पाच. जिच्याकडे जाताय तिचे तुम्ही कोण? आई. त्याने लिहून टाकलं. तो बिचारा आमच्यातलाच, त्याला त्यात चूक ती काय दिसणार? पण सोबत सेर्वाचा जन्माचा दाखला जोडलेला होता, आणि त्यात आईच्या नावापुढे आंपोमा लिहिलं होतं. अर्ज परत आला. दिलेली माहिती विश्वास ठेवण्याजोगी नाही, असा शेरा होता.

मी तिला तो वाचून दाखवला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तू खोटं बोललीस, असं म्हणतात ते."

"मी? कोणतं खोटं?"

"की तू सेर्वाची आई आहेस."

तिने कागद माझ्या हातातून ओढून घेतला. मग म्हणाली, "आंपोमा गेली तेव्हा हे लोक कुठे होते, विचार त्यांना."

दुसरा अर्ज मी हातात घेतला. आमंत्रणाचं पत्र, विमा, बँकेचा उतारा, जाण्यायेण्याचं तिकीट राखून ठेवल्याचा कागद, घराच्या जागेचा कागद, आणि मा ही सेर्वाच्या आईची बहीण आहे असं कोर्टातलं प्रतिज्ञापत्र. सगळं नीट लावलं. मुलांच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. तिला वाचता येत नाही, म्हणून लिहू शकलो. पण मुलाखतीला तर तिला स्वतःलाच बोलायचं होतं.

मुलाखतीसाठी राजधानीला, अक्राला जायच्या आदल्या दिवशी दुपारी ती अंगणात याम सोलत बसली होती. ओसेई मामा बाजूला खुर्ची टाकून बसले होते. मी हिय्या केला.

"मा, उद्या विचारतील, मुलं किती. 'नाही' म्हणायचं."

"काय नाही?"

"मूल नाही, असं म्हणायचं."

तिने सुरी खाली ठेवली. "पुन्हा बोल."

मी यामच्या साली गोळा करायला लागलो.

"पाच जिवंत पोरांच्या आईने तोंडाने म्हणायचं, मला मूल नाही? आणि तेही पोरगी पोटुशी असताना? येबोआ, अरे मेलेली माणसं ऐकत असतात. आंपोमा ऐकत असेल. तिला वाटेल, बहिणीला पोरं जड झाली, मीच घेऊन जाते."

"तिवा, हट्ट सोड," मामा म्हणाले. "सरकारपुढे बोलायचं ते वेगळं, घरात बोलायचं ते वेगळं. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

"मग तू म्हण की. हा समोर उभा आहे तुझा भाचा, आपल्या रीतीने तुझा वारस, तुझ्यामागे तुझ्या खुर्चीवर बसणारा. म्हण, हा माझा कोणी नाही."

मामांना एकाएकी कोंबड्यांना दाणे टाकायची आठवण झाली. मला त्यांचा राग आला आणि माचाही आला. इथे जीव टांगणीला लागलाय आणि ही बाई एका शब्दासाठी अडून बसली आहे!

"मी खरं तेच सांगणार," तिने सुरी उचलली. "त्यांना हवं तर त्यांनी आपलं खोटं स्वतः बोलावं."

दुसऱ्या दिवशी बस अर्ध्या वाटेवर असताना सेर्वाच्या नवऱ्याचा फोन आला. सेर्वाला रक्तस्राव झाला होता. इस्पितळात ठेवलं होतं. बाळ अजून हलत होतं. "मा कधी येतेय?" तो विचारत होता. माने माझा चेहरा पाहिला आणि सगळं वदवून घेतलं. मग अक्रा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मी एकदा तिच्या हातावर हात ठेवला, तो तिने झटकला नाही एवढंच.

वकिलातीत दुभाष्या आला नव्हता, म्हणून मला तिच्याबरोबर आत सोडलं. काचेपलीकडे एक तरुण गोरी बाई बसली होती, सर्दीने नाक लाल झालेली, बोलायला मात्र अदबीची. काचेअलीकडे लाम्टी नावाचा आमच्याच देशातला एक वयस्क माणूस बोटांचे ठसे घ्यायला होता. नावावरून तो किनाऱ्याकडच्या गा जमातीचा होता, तेव्हा आमची ट्वी भाषा त्याला येत नसेल असं मी धरून चाललो. मास्तर असूनही माझी अक्कल अशी अधूनमधून चरायला जाते.

यामने घासून घासून माच्या बोटांवर रेघ राहिली नव्हती. यंत्र ठसे घेईना. लाम्टीने तिची बोटं ओल्या फडक्याने पुसली, पुन्हा दाबली, पुन्हा पुसली. अखेर यंत्राने घेतले.

बाईने प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुठे जाणार, किती दिवस, राहणार कुठे, खर्च कोण करणार. मी विचारत होतो, मा सांगत होती, मी इंग्रजीत सांगत होतो. सगळं सुरळीत चाललं होतं.

"मुलं किती आहेत, विचारा."

मी विचारलं. निदान ती गप्प बसेल, अशी मला अजून आशा होती. मा ताठ झाली, खांद्यावरचं कापड सारखं केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पाच. चौघं इथे, एक तुमच्याकडे."

काचेपलीकडची बाई माझ्याकडे बघत होती. तिच्यासमोर अर्ज होता आणि अर्जात शून्य होतं. मला सेर्वा दिसत होती, आडवी पडलेली.

"नो चिल्ड्रन," मी म्हणालो.

खोटंही नव्हतं ते. सरकारी कागद बघाल तर तेच खरं. तरी मला कोणीतरी वर्गाबाहेर काढून दार लावून घेतल्यासारखं झालं.

यंत्र पुसता पुसता लाम्टीचा हात थांबला. त्याने माच्या दिशेने मान वळवली आणि अगदी कुमासीत मुरलेल्या ट्वीत विचारलं, "मा, ह्याने काय सांगितलं ते कळलं का तुम्हाला?"

संपलं, मी मनात म्हणालो. आता हा सांगणार, आता कागद परत येणार, आणि ह्या खेपेला खरोखरच खोटेपणाचा शिक्का बसणार.

बाजारात जन्म घालवलेल्या बाईला इंग्रजीतलं 'नो' कळतं. गिऱ्हाईक दिवसभर तेच म्हणत असतं. माने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता.

"हा माझा मुलगा आहे," ती लाम्टीला म्हणाली. "माझा मुलगा खोटं बोलत नाही."

"काय म्हणाल्या त्या?" काचेपलीकडून प्रश्न आला.

लाम्टीने फडक्याची घडी घातली. ती घालायला त्याला फार वेळ लागला. "ह्यांच्यावर भरवसा आहे म्हणतात, मॅडम," तो म्हणाला. "पुढचं विचारा."

बाईने नाक पुसलं. "नवरा नाही, मूल नाही. मग त्या परत कशासाठी येणार?"

मुलं नाहीत म्हटलं की हा प्रश्न येणारच, हे मला सुचलं नव्हतं. एका खड्ड्यातून काढून मीच तिला दुसऱ्यात घातलं होतं. मी तो प्रश्न जसाच्या तसा तिला विचारला, कारण दुसरं काही रचायला डोकं चालत नव्हतं.

मा काचेच्या जवळ सरकली. "माझी बहीण इथल्या मातीत आहे," ती म्हणाली. "तिच्या शेजारची जागा माझी आहे. पोरीला न्हाऊमाखू घालीन, बाळाला पायावर घेईन आणि परत येईन. तुमच्या थंडीत मरायला मला वेड लागलंय का?"

ह्या वेळी मी शब्द न शब्द तसाच सांगितला. थंडीसकट. लाम्टी प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. बाई थोडीशी हसली, काहीतरी लिहिलं आणि पासपोर्ट फळीवरून परत सरकवण्याऐवजी आपल्या बाजूच्या खोक्यात टाकला. बाहेरच्या रांगेतल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ ठाऊक असतो. फळीवरून परत आला तर घरी जा. खोक्यात गेला तर देव पावला.

व्हिसा आला, हे आत्ताच सांगून टाकतो. मा वेळेत पोचली, सेर्वा वाचली, मुलगी झाली, आणि माने तिकडे इतकं पाणी तापवलं की घरमालकाने दोनदा तक्रार केली. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी बाहेर आलो तेव्हा मी आनंदाने तिला मिठी मारायला गेलो आणि ती बाजूला झाली.

"फोन लाव," ती म्हणाली. "बोआचीला."

रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली आम्ही उभे राहिलो. थोरल्या बोआचीने फोन उचलला. "मा? मिळाला का गं?"

"हाक मार मला."

"अं?"

"हाक मार म्हणते ना!"

"मा."

"ओ," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. "पोकुआला लाव."

पोकुआ घाबरलीच. "काय झालं? रडतेयस का तू?" "हाक मार आधी." "मा!" "ओ." मग बाफोला. तो उचलेना. तो मालट्रक चालवतो, उत्तरेकडच्या रस्त्यावर असणार. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. मा खाली बसायला तयार नव्हती. रांगेतली माणसं वळून बघत होती. "रस्त्यावर असेल गं," मी म्हणालो. "लाव," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मला ओळखू आला नाही. अखेर त्याचाच फोन आला, मागे इंजिनाची घरघर. तिने त्याच्याकडून दोनदा हाक मारून घेतली. आंपोमाने कोणाला नेलं तर नाही ना, ते ती एकेका हाकेने बघत होती.

सेर्वाचा आवाज क्षीण होता. माने तेच सांगितलं. का, म्हणून तिने विचारलं नाही. "मा," ती म्हणाली. माने डोळे मिटून घेतले. "ओ, माझ्या बाय, ओ."

मग तिने फोन बंद करून माझ्या खिशात घातला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आता तू."

"मा, मी ते तुझ्यासाठीच—"

"ते राहू दे. हाक मार."

चाळिशी उलटलेला मी बाप्या, रस्त्यात, एवढ्या लोकांदेखत. कसाबसा म्हणालो, "मा."

"ऐकू आलं नाही."

मी ओरडलो. फाटकावरचा पहारेकरी दचकून वळला, रांगेतलं कोणीतरी हसलं. माने लगेच ओ दिली नाही. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, अंगठ्यांनी माझे गाल पुसले, आणि खाली खेचून कपाळ कपाळाला लावलं.

"ओ," ती म्हणाली. "पुन्हा असा मरू नकोस."