हिरव्या पुडीचा मान

आमच्या शिंचू शहरातल्या कारखान्यात फंग श्यो-मेई यांना सगळे फंगताई म्हणत आणि त्यांना पाहताच आपापलं मनगट चाचपत. मनगटावर अर्थिंगचा पट्टा नसला की फंगताई खुर्चीवरून उठवत, मग तो इंजिनिअर असो की मालकांचा मेहुणा.

त्यांचं काम एकच. माणसाच्या अंगातली स्थिर वीज चिपपर्यंत पोचू द्यायची नाही. आम्ही संगणकाचे जलद पोर्ट बनवतो. चिप जितकी जलद तितकी नाजूक. पोर्टच्या तोंडाशी, बाहेरून येणारी वीज अडवायला, एक रखवालदार डायोड बसवतो, तोही तिळाएवढा, कारण मोठा बसवला तर सिग्नलच अडखळतो. एकोणीस वर्षांत फंगताईंच्या नावावर एकही दोष नव्हता. हे त्या स्वतः दिवसातून एकदा तरी सांगत, दुपारी शेवया खाताना हमखास.

थंडीतलं कोरडं वारं सुटलं आणि माझ्या चाचणी यंत्रावर पोर्ट मरू लागले. रोज दहा-बारा. गिऱ्हाइकाने लेखी कारण मागितलं, शुक्रवारपर्यंत.

मालक वंग म्हणाले, "स्थिर वीज म्हणजे तुमचं खातं, फंगताई. कारण सापडलं नाही तर तुमचं नाव लिहावं लागेल."

"सापडेल," फंगताई म्हणाल्या. मात्र त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

त्यांनी पट्टे तपासले, चपला तपासल्या, माझा स्वेटर उतरवला. तीन दिवस मीटर घेऊन त्या यंत्राभोवती फिरत होत्या. गुरुवारी मीटर यंत्राच्या डोक्यावर नेला आणि काटा सरळ टोकाला गेला.

तिथे खाऊची हिरवी पुडी होती. यंत्रावर ती ठेवली की यंत्र गुणी बाळासारखं वागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुडी हिरवीच हवी, फोडायची नाही, मुदत उलटू द्यायची नाही. वंग साहेब रोज सकाळी तिला नायलॉनच्या जॅकेटच्या बाहीने पुसत, अगदी भक्तिभावाने. त्या घासण्याने प्लास्टिकमध्ये वीज भरे. पुडीखालूनच चाचणीच्या सुया चिपला टेकत, डायोडच्या मागच्या बाजूने. रखवालदार दारात आणि दरोडा माजघरात.

फंगताईंनी मालकांना बोलावून काटा दाखवला. वंग साहेबांनी पुडी दोन्ही हातांनी उचलली, उलटी केली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मुदत संपलीय! गेल्या महिन्यातच. म्हणून यंत्र रुसलं."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. मालक म्हणाले, "सुटलात, फंगताई. गिऱ्हाइकाला 'जुनं साहित्य बदललं' असं कळवतो. ताजी पुडी आणा रे."

आता फंगताईंनी गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. मी मागून त्यांचा कोट ओढलासुद्धा.

"ताजी ठेवलीत तरी पोर्ट मरणारच," फंगताई म्हणाल्या. "मुदतीचा काय संबंध? माझ्या घरी भाताच्या कुकरवरही पुडी आहे, मालक, माझाही विश्वास आहे. पण इथे नको."

"म्हणजे माझ्या पुडीने पोर्ट मेले? हे गिऱ्हाइकाला लिहू? माझ्या खाऊने?"

"तसंच झालंय."

"मग कुणाचं तरी नाव लागेल. माझं तर नाही लागणार."

फंगताईंनी मीटर बंद केला. थोडा वेळ त्या पट्ट्याच्या वायरीशी चाळा करत राहिल्या.

"माझं लिहा," त्या म्हणाल्या. "पण पुडी बाहेर फाटकावर जाईल, आणि हे जॅकेट घालून तुम्ही आत येणार नाही. हे दोन्ही त्याच कागदावर लिहायचं, सहीनिशी."

वंग साहेबांना सौदा स्वस्त वाटला. कागद गेला. त्यावर लिहिलं होतं, दोषी: तपासनीस फंग श्यो-मेई. त्या दिवसापासून माझ्या यंत्रावर एकही पोर्ट मेला नाही.

महिनाअखेरीच्या सभेत वंग साहेबांनी तो शून्याचा तक्ता वर धरला. म्हणाले, "बघा, एका माणसाला जरा कडक समज दिली की काम कसं सुधारतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फंगताई पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. मला सगळं माहीत होतं, आणि टाळ्या मीही वाजवल्या.