पोट भरून झोपलेले बगळे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण स्वतःचा गाढवपणा सांगताना मला मध्ये कोणी थांबवलेलं चालत नाही.

पवनीतलं आमचं घर विणकरांचं. मी नागपूरहून बी.ए. होऊन परत आले ती डोक्यात एकच घेऊन, की आपल्या साडीत आपलं असं काहीतरी हवं. मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, जन्मभर तेच करवतीकाठ आणि त्याच गोल बुट्ट्या विणत आलेले. का, तर गिऱ्हाईक तेच मागतं. अहो, दुसरं दाखवलंच नाही तर ते मागणार कसं?

महिनाभर डोकं खाल्लं तेव्हा ते सहा साड्यांपुरते कबूल झाले. अट एकच. भंडाऱ्याच्या दुकानात त्या खपल्या नाहीत, तर मी पुन्हा नक्षीत तोंड घालायचं नाही.

मी चौकटीच्या कागदावर बगळा काढला. एका पायावर उभा, मान ताठ, आमच्या तलावाच्या पाळीवर असतो अगदी तसा. मोठेबाबांनी कागद हातात घेतला, मान तिरपी केली आणि म्हणाले, "बगळा आडवा काढ, पोरी."

आता तुम्हीच सांगा, आडवा बगळा कोणी काढतं का?

"आडवा बगळा मेलेला असतो, मोठेबाबा."

"अवं, पण मागावर..."

"तुमाले जुनंच पाहिजे, असं सरळ सांगा ना."

मी घरच्या बोलीवर आले की समजायचं, पारा चढलाय. पुढे मी कला, नवी पिढी, म्हाताऱ्यांचा हट्ट या विषयांवर जे भाषण दिलं ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मागावर बसत म्हणाले, "बरं. उभा त उभा."

मागावर बगळे काय देखणे दिसायचे! रोज सकाळी जाऊन मी बघून यायचे.

साड्या तयार झाल्या. पाच गाठोड्यात बांधल्या, सहावी स्वतः नेसले. घरचा आरसा कुंकवापुरता. दुकानात मात्र भिंतीएवढा होता. त्याच्यासमोर उभी राहिले आणि गार पडले. कमरेपासून घोट्यापर्यंत सगळे बगळे आडवे. पाय ताणून पडलेले. तलावात कोणी विष टाकलंय जणू!

मागावर साडी लांबीच्या दिशेने विणत जातात आणि अंगावर तीच लांबी कमरेभोवती आडवी फिरते. म्हणून मागावर उभा तो अंगावर आडवा. विणकराच्या घरात वाढून हे मला कळायला दुकानाचा आरसा लागला. मोठेबाबा दुसरं काय सांगत होते?

तेवढ्यात लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या वरठीच्या एका बाईंनी माझ्या निऱ्यांना हात लावला.

"हे बगळे झोपले काहून, बाई?"

चूक कबूल करायची? माझ्या तोंडून? छे.

"पोट भरलं म्हणून. यंदा तलावात मासोळी गंज, ढीगभर झाली, खाऊन झोपले."

बाईंनी त्यावर गंभीरपणे विचार केला. "म्हणजे घरात खायची ददात नाही. शकुनाचं लुगडं झालं हे." त्यांनी दोन घेतल्या. त्यांचं ऐकून दुसऱ्यांनी घेतल्या. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगावरचीही गेली आणि मी दुकानवाल्या शेठजींच्या बायकोची साडी नेसून घरी आले. वर डझनभर साड्यांची नवी मागणी!

पण माझी कला अशी पाय ताणून पडलेली मला बघवेना. मोठेबाबांपुढे सगळं कबूल केलं आणि कागदावर बगळा आडवा काढून दिला. त्यांनी डझनभर साड्या विणल्या. नेसून बघितली, बगळे ताठ उभे. मी धन्य.

महिन्याभराने शेठजी स्वतः गाठोडं घेऊन दारात. डझनच्या डझन परत.

"ताई, उभे म्हणजे उपाशी. लग्नाच्या घरी उपाशी बगळे कोण नेते?"

मोठेबाबांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला, आणि चौकटीचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"काढ आता उभा. अन् या खेपेस मी काही सांगतलं त ऐकू नोको."