आधी घालायची बाही

गल्लीत त्यांना सगळे पानेकाका म्हणत, कारण उभं आयुष्य हातात पाना धरून त्यांनी लोकांचे नळ दुरुस्त केले. गळतंय म्हटलं की आवळायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. कुणाकडे चहाला गेले तरी आधी मोरीत डोकावून येत. अशा माणसानं लोकर विणायला घ्यावी, याला काय म्हणावं!

पण वेळच तशी आली. काकूंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात आखडला आणि जीभ जड झाली. एका वेळी एखादाच शब्द फुटे. काठी घेऊन त्या चालू लागल्या, पण दाराबाहेर पाऊल टाकीनात. कोपऱ्यावरच्या बाकावर मैत्रिणी रोज वाट बघत. थंडी कडाक्याची, आणि जुन्या स्वेटरांत तो हात शिरेना. दुखरा हात आधी घालायचा, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. तरी घाईत काका हमखास चांगलाच हात आधी घालत, मग काकू कळवळत. शाल घ्यावी तर ती घसरे.

"नको," म्हणून काकू भिंतीकडे तोंड करत. एरवी ही बाई बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत नसे. तिला अशी गप्प पाहून काकांना राहवेना.

"अगं, मी विणतो तुझ्यासाठी," एक दिवस ते म्हणाले. "पुढून उघडा, बाह्या ऐसपैस. तू फक्त सांग."

सांगणार तरी किती? पण काकूंनी अख्ख्या गल्लीला स्वेटर विणून घातले होते. सगळे टाके सुलट, सगळे तुकडे सरळ चौकोनी, हे त्यांनी बोटानं गादीवर काढून दाखवलं. पांढरी लोकर कांद्याच्या सालींत रंगवायची, हा त्यांचा जुना शिरस्ता. काकांनी भाजीवाल्याकडून पिशवीभर सालं आणली, मोठ्या पातेल्यात तुरटी घालून लोकर उकळली. छान मधासारखा रंग आला.

विणताना मात्र घोडं अडलं. टाका सुटेल या भीतीनं काका असा आवळत की सुई पुढे सरकेना.

"सैल," काकू म्हणाल्या.

"अगं, सैल ठेवला तर गळेल ना!"

काकू हसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच. त्या हसण्यासाठी काकांनी तो तुकडा आनंदानं उसवला, आणि पुढेही कितीदा तरी.

शेवटच्या बाहीला रंगवलेली लोकर पुरेना. काकांनी उरलेली पांढरी लोकर रंगवायला घेतली, पण पातेल्यात भाजी होती, म्हणून आपली जुनी लोखंडी बादलीच चुलीवर चढवली. लोखंडानं रंग काळपट उतरला. वाळल्यावर उजळेल, असं म्हणत त्यांनी बाही विणून जोडलीसुद्धा. ती काही उजळली नाही. एक बाही मधाच्या रंगाची, दुसरी शेवाळलेल्या पाइपासारखी.

"उसवतो," कात्री शोधत काका म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "हे घालून तुला बाहेर नेलं तर लोक हसतील."

काकूंनी डाव्या हातानं स्वेटर ओढून घेतला. ती काळपट बाही उजवीकडचीच होती. त्यांनी ती नीट न्याहाळली.

"ही... आधी," त्या म्हणाल्या.

आणि स्वतःच, एका हातानं, हळूहळू ती आखडलेल्या हातावर चढवू लागल्या. काका मदतीला पुढे झाले, पण काकूंनी नको म्हणून मान हलवली. मग मधाळ बाहीत चांगला हात आपसूक गेला. काकू कळवळल्या नाहीत. काकांना भरून आलं. ते उगाच काठी शोधत राहिले, काठी समोरच होती.

बाकावरच्या मैत्रिणींनी काकूंना मध्ये बसवून घेतलं. त्यातली एक जरा फटकळच.

"काय हो पानेकाका, रंग संपला वाटतं?"

काका ओशाळले. काय सांगावं याची ते जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात काकूंनी मान वर केली. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागला, पण सगळ्याजणी थांबल्या.

"मीच... सांगितलं... तसं."

कोपऱ्यावरचा नळ थेंब थेंब गळत होता. काकांनी तो पाहिला, आणि ते काकूंच्या शेजारी बसून राहिले.