फिरवलेली कपाटं

आमच्या कॅम्पसमध्ये कोणाचाही निरोप समारंभ असला की मला चष्म्याची गोष्ट सांगायला उभं करतात. मी ती इतक्यांदा सांगितली आहे की नवे लेक्चररसुद्धा शेवटचं वाक्य माझ्याआधी बोलून मोकळे होतात. गोष्ट खरी आहे. फक्त मी ती दरवेळी हशा आला की थांबवतो. हशानंतर काय झालं, ते सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. घरी बायकोलाही सांगितलं नाही. आता गुडघ्यांनी जिना सोडला, डोळ्यांनी बारीक अक्षर सोडलं. निदान हे टाळणं तरी आपण होऊन सोडावं म्हणून लिहायला बसलो आहे.

आदिलाबादला लागून असलेल्या मावल्याच्या बाजूला आज कॅम्पसची मोठी कमान आहे, आत डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना पिवळ्या इमारती. आम्ही आलो तेव्हा तिथे एकच इमारत होती : निजामाच्या काळातला मुसाफिरखाना. दौऱ्यावरचे अंमलदार पूर्वी तिथे उतरत. चुन्यातल्या जाड भिंती, वर कौलं, पुढे रस्त्याकडे एक व्हरांडा आणि मागे विहिरीकडे दुसरा. मधला हॉल एवढा मोठा की बोललेलं घुमायचं. बाजूच्या तबेल्यात घोडे बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच होत्या, त्यांना आम्ही सायकली साखळीने बांधायचो. विद्यापीठाने आदिलाबादला शाखा काढायची ठरवली, तेव्हा महसूल खात्याने हा मुसाफिरखाना देऊन टाकला. त्याचे अर्धे कागद उर्दूत होते. ते वाचायला आम्ही निजामाच्या कचेरीत काम केलेल्या एका म्हाताऱ्या पेशकारांना रिक्षात घालून आणलं. त्यांनी चहा घेत घेत सगळं वाचलं आणि म्हणाले, "इसमें तो लिखा है, दो रोज़ से ज़्यादा कोई मुसाफिर न ठहरे." मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "तुम लोगां कब तक ठहरने वाले?"

मी तिथला पहिला कारकून. आमचं घर मुधोळकडचं, वडील भाजीपाला लावायचे. प्रमुख म्हणून एक विशेष अधिकारी होते, तेलुगू, स्वभावाने भले, पण मुख्यालयातून ट्रंककॉल आला की उभे राहूनच बोलायचे. आणि लायब्ररी सांभाळायला एक बाई होत्या. त्या नार्नूरच्या, बौद्ध घरातल्या. आजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबलेले, वडील शाळामास्तर झालेले. मला त्या भाऊ म्हणायच्या, मी त्यांना ताई. वयाने आम्ही जवळपास सारखेच होतो.

त्या काळात आमच्याकडे सगळं एकाच जागी चालायचं. मधल्या हॉलमध्ये लायब्ररी. त्याच हॉलमध्ये परीक्षा, तिथेच प्रवेशाची गर्दी, तिथेच एप्रिलातल्या जयंतीला ताई मुलांना एकेक पान मोठ्याने वाचायला लावायच्या. मराठी मुलं मराठीत, तेलुगू मुलं तेलुगूत. उटनूरकडून आलेली गोंड मुलं आधी लाजायची आणि मग सगळ्यांत खणखणीत वाचायची. पुस्तकांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या ताई लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत. म्हणून गावात लग्नं सुरू झाली की त्या खूश.

"भाऊ, यंदा हळदी-कुंकवाची बोटं लावलेल्या पत्रिका नका आणजा. शाई फुटते त्यावर."

"लग्न लोकाचं, पत्रिका लोकाची, अन् अटी तुमच्या?"

"मंग काय! लायब्ररी माही हाय."

बाइंडिंगला त्या स्वतः खळ शिजवायच्या, कसर लागू नये म्हणून त्यात विषारी मोरचूद टाकायच्या. निळसर खळीचं ते पातेलं विहिरीच्या काठावर निवत असायचं, आणि कोणी ते चुलीजवळ नेलं तर त्या ओरडत धावायच्या. आख्ख्या मुसाफिरखान्यात एवढ्या जिवाने काम करणारं दुसरं कोणी नव्हतं. तरी त्या टेम्पररी होत्या. आम्ही बाकीचे एकेक करून कायम झालो. त्यांची ऑर्डर मात्र येणाऱ्या तपासणीवर अडली होती. मुख्यालयाची कमिटी येणार, जागा आणि माणसं बघणार आणि शेरा देणार. शेरा चांगला पडला तर ताई कायम. तपासणी वाईट गेली तर कॅम्पसच दुसऱ्या जिल्ह्यात हलवतील, अशीही कुणकुण होती.

कमिटी यायच्या आठवड्यात वादळ झालं आणि तबेल्यावरची कौलं उडाली. आमची रसायनाची लॅब तबेल्याच्याच आतल्या भागात होती. बाटल्या, नळ्या, तराजू, सगळं भरून मागच्या व्हरांड्यात आणून ठेवलं. कमिटीला लॅब दाखवायचीच होती. विशेष अधिकारी डोक्याला हात लावून बसले. तेव्हा एक कल्पना निघाली, आणि ती माझ्या डोक्यातून निघाली. समारंभात सांगताना मी "कोणाच्या तरी डोक्यातून" असं म्हणतो.

हॉलला दोन दारं होती. कमिटीला पुढच्या दाराने आणायचं, लायब्ररी दाखवायची. मग जेवायला आंब्याखाली न्यायचं. जेवण चालू असताना कपाटं फिरवून त्यांची तोंडं भिंतीकडे करायची, पाठींवर चादरी ताणायच्या, मधल्या टेबलांवर बाटल्या-नळ्या मांडायच्या. आणि मग कमिटीला विहिरीला वळसा घालून मागच्या दाराने आत आणायचं. बाहेर पाटी : प्रयोगशाळा. तपासणीसाठी असं इकडचं तिकडे करणं आम्हाला पापच वाटत नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यात खाटा दाखवायच्या तर शाळेतून येत, शाळेत बाकं दाखवायची तर चावडीतून.

ताईंना ते पटलं नाही.

"भाऊ, काऊन खोटं दाखवून राह्यले? कौलं उडाली म्हणून सांगा ना सरळ. तेही माणसंच हायेत."

"अन् त्यांनी मंजुरी काढली तर? कॅम्पसच गेला तर तुमची ऑर्डर काय मुसाफिरखान्यावर येईन?"

त्यांनी कपाटांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "फिरवा. पण खालचा कप्पा आधी रिकामा करा, नाही तर पुस्तकं तोंडावर पडतीन." आणि त्या दिवशी पदर खोचून पहिल्या कपाटाला खांदाही त्यांनीच लावला.

कमिटी आली. त्यात एक वयस्कर प्रोफेसर होते, हैदराबादचे. लायब्ररीत ते रमले. एक जुनं पुस्तक काढून खिडकीशी वाचत उभे राहिले, त्यांना जेवायला अक्षरशः ओढून न्यावं लागलं. जेवणं झाली. मागच्या दाराने आम्ही सगळे "प्रयोगशाळेत" शिरलो. तराजू चमकत होते, चादरी ताठ होत्या. विशेष अधिकाऱ्यांनी दबक्या आवाजात माहिती द्यायला सुरुवात केली. एवढ्यात प्रोफेसर खिसे चाचपू लागले.

"मेरी ऐनक लायब्ररी में रह गई. ज़रा किसी को दौड़ाओ ना."

आता कोणाला कुठे दौडवायचं? शिपाई मागच्या दाराकडे निघाला, मग पुढच्या दाराकडे वळला, मग उभाच राहिला. ताई खिडकीजवळ होत्या. म्हाताऱ्या माणसाला असं चाचपडताना बघून त्यांना राहवलं नसावं. चादरीमागे हात घालून त्यांनी खिडकीतला चष्मा काढला, पदराने पुसला आणि त्यांच्या हातात दिला. प्रोफेसरांनी तो लावला, चादरीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "कमाल है! मैं लायब्ररी छोड़ के आया, लायब्ररी मेरे पीछे-पीछे आ गई!"

इथे हशा येतो. त्या दिवशीही आला. प्रोफेसर स्वतः पोट धरून हसले. समारंभात मी इथे हात जोडून खाली बसतो. सांगताना चष्मा "कोणीतरी" काढून देतं.

पण कमिटीचे अध्यक्ष हसले नव्हते. त्यांनी विशेष अधिकाऱ्यांना, मला आणि ताईंना ऑफिसच्या खोलीत बोलावलं. दार लोटून विचारलं, "हे कोणाचं काम?" विशेष अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेलुगूत म्हणालो, "सार, हॉल लायब्ररीवाल्या बाईंच्या ताब्यात असतो."

यातला शब्द न् शब्द खरा होता. मी पुढे आणखी काही बोलेन म्हणून ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मी भिंतीवरच्या खुंटीकडे बघत होतो. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, "हॉल तुमच्या ताब्यात आहे?" त्या म्हणाल्या, "हो सार." त्यांनी माझं नाव का घेतलं नाही, मला कळलं नाही. मी कधी विचारलंही नाही.

कॅम्पस वाचला. लायब्ररीला स्वतंत्र इमारत ताबडतोब द्यावी, असं कमिटीनेच लिहिलं, आणि आज जी दुमजली लायब्ररी आहे ती त्याच शिफारशीने उभी राहिली. मला बढती मिळाली. ताईंना कायम करू नये असा शेरा पडला. वर्ष संपेपर्यंत त्या आल्या, त्यांच्या जागी आलेल्या नव्या मुलीला सगळं समजावून दिलं, खळीत मोरचूद किती घालायचं तेही दाखवलं आणि नार्नूरला परत गेल्या. तिथे खाजगी शाळेत त्यांनी उरलेली सगळी वर्षं शिकवलं. पेन्शन बसली नाही. विशेष अधिकारी आता हयात नाहीत, त्यांच्याबद्दल मी काही म्हणत नाही. वाक्य माझं होतं.

मधल्या काळात एकदा उटनूरच्या बसस्टँडवर ताई भेटल्या. मी चहा सांगितला. त्यांनी पहिलं काय विचारलं तर, "खालच्या कप्प्याला वाळवी तर नाही लागली?" तो अख्खा चहा आम्ही वाळवीवरच बोललो. त्यांची बस आली, मी पिशवी वर चढवून दिली.

दोन वर्षांपूर्वी लायब्ररीच्या इमारतीला रंगरंगोटी करून मोठा कार्यक्रम ठेवला. जुने लोक बोलवायचे होते. मी स्वतः सांगून ताईंना बोलावलं. मनात पक्कं केलं होतं : आज गोष्ट हशावर थांबवायची नाही. त्यांच्यासमोर, सगळ्यांसमोर शेवटपर्यंत सांगायची.

त्या भाच्याबरोबर आल्या. केस पांढरेशुभ्र, निळ्या काठाची पांढरी साडी. तिसऱ्या रांगेत बसल्या. मी उभा राहिलो तेव्हा मागून पोरं ओरडली, "सार, चष्मा!" मी सुरू केलं. मुसाफिरखाना, पेशकार, वादळ, कपाटं. लोक आधीच हसत होते. तिसऱ्या रांगेत ताईही हसत होत्या, तोंडाला पदर लावून. प्रोफेसरांचं वाक्य आलं. ते माझ्याबरोबर अख्ख्या सभागृहाने म्हटलं. टाळ्या वाजल्या. मी माइक धरून उभा राहिलो. टाळ्या थांबल्या, तरी मी उभाच. सूत्रसंचालक मुलीला वाटलं माझं झालं. ती आली, हसत माइक काढून घेतला, आणि मी तो दिला. धरून ठेवता आला असता.

नंतर चहाच्या वेळी ताई माझ्याजवळ आल्या.

"काय भाऊ, गोष्टीतून मले तर काढूनच टाकलं तुमी!"

"वेळ कमी होता, ताई."

"बरं बरं. वेळेचं तर तुमचं पहिल्यापासूनच कडक." त्या हसल्या. मग नव्या कपाटांवरून हात फिरवत म्हणाल्या, "लोखंडाची केली ते चांगलं केलं. हलत नाहीत." भाच्याने गाडी लावली होती. मी फाटकापर्यंत गेलो.

यंदा उन्हाळ्यात त्या गेल्या. मला पंधरा दिवसांनी कळलं. नार्नूरला जाऊन भाच्याला भेटलो. त्याने पाणी दिलं, विचारलं, "मावशीचं अन् तुमचं काही काम राह्यलं होतं का?" मी नाही म्हणालो. त्याच्यापाशी बोलून ते त्यांना पोचणार नव्हतं.

त्या खोलीत, बसस्टँडवर किंवा त्या माइकवर मी एवढंच म्हणायला हवं होतं : ताई, कपाटं फिरवायची अक्कल माही होती. तुमी तर नाही म्हणत होत्या. मी साहेबाले अर्धंच सांगितलं, अन् त्या अर्ध्यात तुमची नोकरी गेली. माही चुकी झाली, ताई. मले माफ करा.